दोन रिमोट, एक पडदा

अंबरनाथच्या एका शाळेत, १९९०च्या दशकाच्या अखेरीस, आमच्यापैकी एकीच्या चौथीच्या वर्गात एक मुलगा होता. विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर अशी स्टेशने तो एका दमात म्हणे. संध्याकाळच्या लोकल गाड्यांच्या वेळा त्याला पाठ होत्या. शाळा सुटताना रुळांकडून आवाज आला, की मान वर न करता तो सांगे, "बाई, बदलापूर गाडी. चार मिनिटे लेट." पण मधल्या सुट्टीत तो भिंतीशी एकटाच उभा राही. कोणी हात धरून खेळात ओढले, तर कान झाकून घेई. "तुझे नाव काय?" असे विचारले, तर उत्तर म्हणून तोच प्रश्न परत म्हणून दाखवी.

एकदा त्याच्या घरी जाण्याचा प्रसंग आला. तो शेजारच्या खोलीत होता. तिथे टीव्हीला जोडलेला व्हिडिओ गेम चालू होता आणि शेजारच्या मुलाबरोबर तो टँकचा खेळ खेळत होता. दोघांच्या हातांत दोन रिमोट. "तू खाली थांब, मी वर जातो." "भिंत फोडू नको!" "आता तुझी पाळी." अर्ध्या तासात त्याच्या तोंडून जेवढी वाक्ये ऐकली, तेवढी वर्गात महिनाभरात ऐकली नव्हती. बाहेर पडताना त्याची आई म्हणाली, "बाई, याला माणसांपेक्षा यंत्रच आवडते." आम्हीही तसेच मानून परतलो.

स्वमग्नता हा शब्द तेव्हा आमच्या कानांवर आला नव्हता. पुढे तो आला, त्यामागचा इतिहास वाचला, आणि त्या संध्याकाळचा आमचा निष्कर्ष घाईचा होता असे वाटू लागले. त्या मुलाला बोलते कोणी केले होते? पडद्याने, की दुसऱ्या रिमोटने? प्रश्न साधा दिसतो. पण गेली साठ वर्षे स्वमग्न मुले आणि संगणक यांना एकत्र आणणाऱ्या संशोधकांना हाच प्रश्न पुन्हा पुन्हा पडलेला आहे.

नावात काय दडले आहे?

‘ऑटिझम’ या शब्दाच्या मुळाशी ‘स्वतः’ या अर्थाचा ग्रीक शब्द आहे. स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी तो १९११च्या सुमारास वापरला, पण वेगळ्या आजाराच्या वर्णनासाठी. आज आपण ज्याला स्वमग्नता म्हणतो, तिच्याशी जुळणारे लहान मुलांचे बारकाईचे वर्णन सोव्हिएत डॉक्टर ग्रुन्या सुखारेवा यांनी १९२५ साली केले होते. ते फारसे कोणाच्या लक्षात आले नाही. अमेरिकेत बाल्टिमोर येथे लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि पुढच्याच वर्षी व्हिएन्नात हान्स आस्पर्गर यांचा लेख आला. तेव्हापासून स्वमग्नतेला स्वतंत्र ओळख मिळाली.

कॅनर यांच्या लेखातील एक निरीक्षण आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. ही मुले माणसांपासून दूर राहतात, पण वस्तूंशी त्यांचे चांगले जमते, असे त्यांनी नोंदवले. मुले तासन्‌तास एखादी वस्तू हाताळतात आणि तिच्यात काही बदल झाला की लगेच ओळखतात. वस्तू ठरल्याप्रमाणे वागते, माणूस तसा वागत नाही. या निरीक्षणातून दोन वाटा फुटत होत्या. वस्तूंची ओढ हा रोग मानून ती तोडायची ही एक वाट. ती ओढ हेच दार मानून त्यातून आत जायचे ही दुसरी.

प्रारंभी पहिल्याच वाटेला गर्दी झाली, आणि त्यात एका मोठ्या अन्यायाची भर पडली. आईच्या थंड वागण्यामुळे मूल असे होते, असे सांगितले जाऊ लागले. ब्रुनो बेटेलहाइम यांच्या १९६७च्या पुस्तकाने या समजाला मोठी प्रसिद्धी दिली. त्याआधीच, १९६४ साली, बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाने तो समज पुराव्यानिशी खोडून काढला होता. ते स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील होते. १९७७ साली सुझन फोल्स्टाइन आणि मायकेल रटर यांनी जुळ्या भावंडांच्या २१ जोड्या तपासल्या आणि स्वमग्नतेत आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे हे दाखवले. तरीही आईला दोष देण्याची सवय आपल्या चाळींतून आणि इमारतींतून पूर्णपणे गेलेली नाही, हे शिक्षकांना सांगायला नको.

भारतातील कायद्याने स्वमग्नतेची दखल उशिरा घेतली. १९९५च्या अपंग व्यक्ती कायद्यातील यादीत ती नव्हती. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ती आली, आणि २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने मान्य केलेल्या २१ प्रकारांत तिला स्पष्ट जागा मिळाली. अंबरनाथचा तो मुलगा चौथीत होता, तेव्हा त्याच्या वेगळेपणाला शाळेच्या कागदपत्रांत नावच नव्हते.

कळ दाबली की अक्षर बोलते

दुसऱ्या वाटेने गेलेल्यांपैकी एक होते केनेथ कोल्बी. हे अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातले मनोविकारतज्ज्ञ. न बोलणाऱ्या मुलांना संगणकापुढे बसवण्याचा प्रयोग त्यांनी १९६०च्या दशकात सुरू केला. संगणक तेव्हा खोली भरेल एवढा असे, आणि तो मुलांच्या हाती द्यावा ही कल्पनाच अनेकांना विचित्र वाटली असणार. मुलापुढे कळफलक आणि टीव्हीसारखा पडदा. एखादी कळ दाबली, की ते अक्षर पडद्यावर उमटे आणि त्याचा उच्चार ऐकू येई. पुढच्या खेळांत शब्द येत, चित्रे येत, प्राण्यांचे आवाज येत. काय दाबायचे हे मूल ठरवी. चुकले म्हणून कोणी रागावत नसे, कारण चूक अशी काही नव्हतीच.

या कामावरचा पहिला लेख १९६८ साली प्रसिद्ध झाला. १९७३च्या लेखात कोल्बी यांनी १७ पैकी १३ मुलांच्या भाषेत सुधारणा झाल्याचे नोंदवले. हा आकडा वाचून हुरळून जाण्यापूर्वी विज्ञानाच्या शिक्षकाने एक प्रश्न विचारायलाच हवा. तुलनेसाठी दुसरा गट होता का? नव्हता. तेवढ्याच काळात संगणकाशिवाय किती मुले बोलली असती, हे त्यामुळे कळत नाही. शिवाय मूल संगणकाजवळ एकटे नसे. शेजारी एक मोठा माणूस बसे. तो शिकवत नसे, पण मुलाने मागे वळून पाहिले की तो तिथे असे. यश मशीनचे की त्या शेजाऱ्याचे, हे त्या प्रयोगातून वेगळे करता आले नाही.

जमिनीवरचे कासव

सिमोर पेपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ साली मुलांसाठी ‘लोगो’ ही संगणकभाषा तयार केली. आपल्यापैकी अनेकांनी ती पुढे शाळेच्या संगणक कक्षात पाहिली आहे. पुढे जा, उजवीकडे वळ, अशा आज्ञा द्यायच्या आणि पडद्यावरचे कासव रेषा काढत जाते. सुरुवातीच्या काळातले कासव मात्र जमिनीवर खरोखर चालणारे यंत्र होते.

१९७६ साली एडिंबरो विद्यापीठात सिल्व्हिया वेअर आणि रिकी इमॅन्युएल यांनी हे कासव एका सात वर्षांच्या स्वमग्न मुलाच्या हाती दिले. बटणांची एक पेटी होती. बटण दाबले की कासव पुढे जाई, वळे, थांबे. हा मुलगा मोठ्यांशी आपणहून क्वचितच बोलत असे. कासवावर आपली हुकमत आहे हे कळल्यावर तो त्याबद्दल बोलू लागला. आपण काय करणार आहोत ते सांगू लागला, आणि घडले ते दाखवण्यासाठी जवळच्या माणसांकडे वळू लागला. संशोधकांनी आपल्या अहवालाच्या शीर्षकात जो शब्द वापरला, तो रसायनशास्त्रातला होता : उत्प्रेरक. उत्प्रेरक अभिक्रियेचा वेग वाढवतो, पण स्वतः उत्पादितात उतरत नाही. कासवाने मुलाला बोलणे शिकवले नाही. बोलावेसे वाटेल असे काहीतरी त्याने दोन माणसांच्या मध्ये आणून ठेवले.

एका मुलावरून नियम काढता येत नाही. पण चांगले निरीक्षण पुढच्या प्रयोगाला प्रश्न पुरवते, आणि तेवढे काम या कासवाने केले.

खेळ मुळात दोघांचे होते

इथे थोडे व्हिडिओ गेमच्या इतिहासाकडे वळू. १९५८ साली अमेरिकेतील ब्रुकहेवन प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथम या भौतिकशास्त्रज्ञाने पाहुण्यांच्या करमणुकीसाठी ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर टेनिसचा खेळ उभा केला. तो दोघांनी खेळायचा होता. १९७२ साली टीव्हीला जोडायचा पहिला घरगुती संच बाजारात आला आणि त्याच वर्षी ‘पाँग’ हा खेळही आला. पाँगही दोघांचाच. कारण सरळ होते. त्या मंडलांत प्रतिस्पर्धी म्हणून खेळण्याइतकी बुद्धी नव्हती. समोर माणूस लागे.

आपल्याकडे १९९०च्या दशकात टीव्हीला जोडायचे स्वस्त संच आले. उल्हासनगरच्या बाजारात फर्निचरपासून इलेक्ट्रॉनिक वस्तूंपर्यंत सारे मिळे, आणि आमच्या विद्यार्थ्यांच्या घरचे बरेचसे संच तिथूनच आलेले असत. मुले कार्ट्रिजला ‘कॅसेट’ म्हणत आणि हातातल्या कळपेटीला ‘रिमोट’. संचाबरोबर रिमोट दोन येत. टँकच्या खेळात दोघांनी मिळून विटांच्या भिंतीआडचा आपला तळ राखायचा असे. जोडीदारालाच गोळी लागली, तर त्याचा टँक काही क्षण जागीच खिळे, आणि तेवढ्यात शत्रू आत शिरे. म्हणजे जोडीदार कुठे आहे, काय करणार आहे, हे पाहणे भाग होते. सांगणेही भाग होते.

आज मागे पाहताना वाटते, की आमच्या विद्यार्थ्याला त्या खोलीत तीन गोष्टी एकदम मिळाल्या होत्या. नियम न बदलणारे होते. नजर एकमेकांच्या डोळ्यांऐवजी पडद्यावर ठेवता येत होती. आणि जोडीदाराची खरी गरज होती. मधल्या सुट्टीतल्या गोंगाटात यांपैकी एकही नव्हती.

चेहरे शिकवणारे खेळ

१९८५ साली सायमन बॅरन-कोहेन, ॲलन लेस्ली आणि उटा फ्रिथ यांचा एक प्रयोग गाजला. सॅली नावाची बाहुली आपली गोटी टोपलीत ठेवून जाते. ती नसताना दुसरी बाहुली ती गोटी डब्यात हलवते. सॅली परत आल्यावर गोटी कुठे शोधेल? २० स्वमग्न मुलांपैकी १६ जणांनी डबा दाखवला. गोटी खरोखर होती ती जागा त्यांनी सांगितली. सॅलीला ती कुठे आहे असे वाटत असेल, याचा विचार उत्तरात आला नाही.

यावरून एक कल्पना पुढे आली. दुसऱ्याच्या मनातले ओळखणे हे कौशल्य असेल, तर ते गणितासारखे पायरीपायरीने शिकवता येईल. संगणक त्यासाठी सोयीचा. तो कंटाळत नाही आणि तेच हसू शंभर वेळा दाखवतो. केंब्रिजच्या गटाने २००४ साली तयार केलेल्या एका संगणकीय संग्रहात ४१२ भावना होत्या, प्रत्येकीसाठी चेहरे आणि आवाज. त्याच गटाने पुढे लहान मुलांसाठी एक चित्रमालिका केली. तिच्यात आगगाडी, ट्राम अशा वाहनांना माणसांचे चेहरे जोडले होते. आमच्या वेळापत्रकवाल्या मुलाला ती नक्की आवडली असती.

निष्कर्ष काय निघाले? संग्रह वापरणाऱ्यांना त्यातल्या चेहऱ्यांवरच्या आणि आवाजांतल्या भावना अधिक अचूक ओळखता येऊ लागल्या. पण ओळखीच्या साच्याबाहेरचे प्रसंग दिले, तेव्हा ती प्रगती फारशी दिसली नाही. वाहनांच्या मालिकेचा पहिला अभ्यास उत्साह वाढवणारा होता, पण नंतर इतरांनी केलेल्या चाचणीत परिणाम तेवढा ठळक आढळला नाही. शिक्षकांना हा अनुभव नवा नाही. फळ्यावरचे गणित सुटते, दुकानातला हिशेब अडतो. एका ठिकाणी शिकलेले दुसरीकडे वापरता येणे ही सगळ्याच शिक्षणातली कठीण पायरी आहे, आणि स्वमग्न मुलांसाठी ती अधिक उंच असते. पडद्यावरचा चेहरा उत्तराची वाट पाहत थांबतो. वर्गातला चेहरा थांबत नाही.

मध्ये टेबल, भोवती मुले

याच सुमारास काही संशोधकांनी उलट दिशेने विचार केला. मुलाला मशीनपुढे बसवण्याऐवजी मशीन मुलांच्या मध्ये ठेवले तर? २००६ साली स्टॅनफर्डच्या ॲन मेरी पायपर आणि सहकाऱ्यांनी चौघांनी मिळून खेळायचा एक खेळ सादर केला. टेबलाचा पृष्ठभाग हाच पडदा होता, आणि कोणी स्पर्श केला हे त्या टेबलाला कळे. बेडकासाठी बाणांच्या तुकड्यांचा रस्ता तयार करायचा आणि वाटेतले किडे त्याला मिळवून द्यायचे. बाणांचे प्रकार चौघांत वाटलेले, त्यामुळे एकट्याचा रस्ता पूर्ण होणे शक्य नव्हते. गुण सगळ्यांना मिळून. तुकडा ज्याचा त्यानेच हलवायचा, हा नियम टेबल स्वतः पाळायला लावी.

या शेवटच्या गोष्टीचा उपयोग मोठा होता. "आता तुझी पाळी नाही," असे शिक्षकाने म्हटले, की वाद होतो. टेबलाने नुसताच प्रतिसाद दिला नाही, तर मूल शेजाऱ्याकडे वळते, कारण आता त्यालाच विचारावे लागते. इटली आणि इस्राएलमधील संशोधकांनी अशाच टेबलावर चित्राचे तुकडे जुळवण्याचा खेळ केला. त्यात दोघांनी एकाच वेळी बोट ठेवून ओढल्याशिवाय तुकडा हलत नसे. स्वमग्न मुलांमध्ये या नियमामुळे एकमेकांशी जुळवून घेण्याच्या हालचाली वाढलेल्या दिसल्या.

हेच तत्त्व विजेशिवायही चालते. डॅनियल लेगॉफ या मानसशास्त्रज्ञाने २००४ साली प्लास्टिकच्या ठोकळ्यांच्या खेळावर आधारलेल्या पद्धतीचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात एकाने नकाशा वाचून सांगायचे, दुसऱ्याने तुकडे शोधून द्यायचे, तिसऱ्याने बांधायचे, आणि मग कामे बदलायची. पुढे २०१३ साली कॅनडातील स्टुअर्ट डंकन यांनी ‘माइनक्राफ्ट’ या प्रसिद्ध खेळात स्वमग्न मुलांसाठी एक राखीव जागा सुरू केली. ते स्वतः स्वमग्न आहेत आणि एका स्वमग्न मुलाचे वडीलही. बाहेर ज्यांची थट्टा होई अशी मुले तिथे एकत्र घरे बांधू लागली आणि मैत्री करू लागली.

आपल्या बाजूला काय घडले?

आपल्या जवळचा सर्वांत महत्त्वाचा प्रयोग गोव्यातला आहे. व्हिडिओ आणि खेळ दोन्ही त्यात आहेत, मात्र तो व्हिडिओ गेम नाही. गोव्यातील ‘संगत’ ही संस्था १९९६ पासून मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात काम करते. गौरी दिवाण आणि सहकाऱ्यांनी ब्रिटनमध्ये विकसित झालेली एक पद्धत आपल्याकडच्या कुटुंबांसाठी बदलून घेतली. पालक आणि मूल काही मिनिटे खेळतात, त्याचे चित्रीकरण होते, आणि मग आरोग्य कार्यकर्ती पालकांबरोबर बसून ते पाहते. "इथे त्याने तुमच्याकडे गाडी सरकवली. तेव्हा तुम्ही काय केले?" अशी चर्चा होते. या कार्यकर्त्या तज्ज्ञ डॉक्टर नव्हत्या. त्यांना या कामासाठी प्रशिक्षण दिलेले होते.

गोवा आणि पाकिस्तानातील रावळपिंडी येथे मिळून ६५ मुलांवर ही चाचणी झाली, आणि २०१६ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. इथे तुलनेसाठी दुसरा गट होता, जो कोल्बींच्या प्रयोगात नव्हता. पालक मुलाच्या कलाने प्रतिसाद देऊ लागले आणि मुले आपणहून अधिक वेळा संवाद सुरू करू लागली. मात्र दोघांचे लक्ष एकाच वेळी एकाच गोष्टीत असण्याचा काळ वाढला नाही, उलट घटलेला आढळला. चांगला अहवाल आपल्या बाजूचे आणि विरुद्धचे दोन्ही सांगतो, म्हणून हेही इथे नोंदवतो.

दुसरे काम ओळख पटवण्याचे आहे. ‘संगत’, आयआयटी मुंबई, दिल्लीची एम्स आणि ब्रिटनमधील विद्यापीठे यांनी मिळून टॅबलेटवरचे काही छोटे खेळ तयार केले. त्यात फुगे फोडायचे, रंग भरायचे असे प्रकार होते. दिल्लीतील कमी उत्पन्नाच्या कुटुंबांतील २ ते ७ वर्षांच्या १३१ मुलांनी ते घरीच खेळले. मूल कुठे पाहते, बोट कसे फिरवते, यावरून तज्ज्ञांकडे कोणाला पाठवावे याचा अंदाज घेता येतो का, हे त्यात तपासले. २०२३ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष आशादायक आहेत. पण हा खेळ शिकवत नाही, निदानही करत नाही. तो फक्त बोट दाखवतो.

आयआयटी मुंबईच्याच डिझाइन विभागात ‘जेलो’ हे चित्रांच्या मदतीने बोलण्याचे साधन तयार झाले आहे. ते मोफत आहे आणि मराठीतही आहे. चित्राला स्पर्श केला की वाक्य ऐकू येते. कोल्बी यांच्या खोलीभर यंत्राचे काम आता तळहातावरच्या फोनवर होते.

कोणाचे कौशल्य?

या इतिहासात शेवटची भर एका स्वमग्न अभ्यासकाने घातली. ब्रिटनमधील डेमियन मिल्टन यांनी २०१२ साली विचारले, की स्वमग्न माणसाला इतरांचे मन कळत नाही असे आपण म्हणतो, पण इतरांना तरी त्याचे मन कुठे कळते? दरी दोन्ही बाजूंनी आहे, मग पूल एकाच बाजूने का बांधायचा? ‘सामाजिक कौशल्य’ हा शब्द आपण सहज वापरतो आणि ते फक्त एका मुलाने शिकायचे असते असे गृहीत धरतो. टँकच्या खेळात शेजारच्या मुलानेही बरेच शिकले होते. मोठ्याने ओरडायचे नाही, अचानक हात लावायचा नाही, सांगायचे ते थोडक्यात सांगायचे. ते त्याला कोणी शिकवले नव्हते. जिंकायचे असेल तर ते लागत होते.

स्वमग्न या शब्दाबद्दलही इथे थांबून विचार करावा. शब्द रूढ आहे, आणि आम्हीही तोच वापरला. पण ‘स्वतःतच बुडालेला’ हे वर्णन त्या मुलाला दुरून पाहणाऱ्याचे आहे. तो मुलगा स्वतःत नव्हे, तर गाड्यांत, वेळांत, नियमांत मग्न होता, आणि तिथे कोणी आले तर त्याची ना नव्हती.

शाळेत काय करता येईल?

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातील वर्गाचे एक वैशिष्ट्य म्हणजे भाषांची सरमिसळ. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबे कल्याणजवळच्या लष्करी छावणीत उतरली आणि १९४९ साली त्या वसाहतीचे उल्हासनगर झाले. तिथल्या पत्त्यांत कॅम्प नंबर अजून टिकून आहे. अंबरनाथला आयुधनिर्माणी आणि कारखान्यांमुळे निरनिराळ्या प्रांतांतले कामगार आले, आणि बदलापूर मुंबईच्या चाकरमान्यांनी भरले. घरी सिंधी, गल्लीत हिंदी, शाळेत मराठी किंवा इंग्रजी असे मूल इथे नवे नाही. स्वमग्न मुलाशी घरची भाषा बोलणे बंद करा, असा सल्ला पालकांना अनेकदा मिळतो. दोन भाषांमुळे स्वमग्न मुलाच्या भाषाविकासाचे नुकसान होते, असे संशोधनात आढळलेले नाही. आजीची भाषा तोडली, तर आजी मात्र तुटते. खेळाचा फायदा असा, की त्याला शब्द थोडे लागतात आणि ते कोणत्याही भाषेतले चालतात.

दुसरी गोष्ट फोनची. पूर्वीच्या संचाला दोन रिमोट होते. फोनला एकच पडदा आणि तो एकाच हातात. मूल शांत बसते म्हणून फोन दिला जातो, पण ती शांतता संवादाची नसते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली २ ते ४ वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास पडदा, आणि त्याहून लहान मुलांसाठी तो टाळावा असे सुचवले आहे. ‘या गेमने मूल बरे होते’ अशी जाहिरात दिसली, तर पालकांना सावध करणे हे आपले काम. स्वमग्नता हा बरा करायचा आजार नाही, आणि मोठ्या अभ्यासांनी सिद्ध केलेला असा एकही खेळ नाही.

मग वर्गात काय करावे? महाग टेबल नको. एक टॅबलेट किंवा फोन दोघांत ठेवावा. एकाने दिशा सांगायची, दुसऱ्याने बोट फिरवायचे, आणि ठरलेल्या वेळेनंतर कामे बदलायची. नियम आधी चित्रांत लिहून ठेवावेत आणि मध्येच बदलू नयेत. खेळ संपण्यापूर्वी पाच मिनिटे आणि एक मिनिट आधी सूचना द्यावी. जोडीदार समजूतदार निवडावा, आणि त्यालाही काय करायचे ते सांगावे. मूल डोळ्यांत पाहत नसेल, तर त्याचा आग्रह धरू नये. मग तोच खेळ पडद्याशिवाय खेळावा. चौकटीच्या वहीवर रस्ता काढणे, ठोकळे, कॅरम, लोकलचे वेळापत्रक घेऊन प्रवासाची आखणी. पडद्यावरचे पडद्याबाहेर येते की नाही, याची नोंद तारखेसह ठेवावी. महिन्याभराने ती नोंद आपल्या अंदाजापेक्षा अधिक खरे सांगेल.

आमचा तो विद्यार्थी पुढे दुसऱ्या शाळेत गेला. त्याला आम्ही फार काही शिकवले असे म्हणता येणार नाही. पण वर्गात वेळापत्रकाचा खेळ घेण्याचे आम्हाला तेव्हा सुचले असते, तर निदान मधल्या सुट्टीत भिंतीशी त्याच्या शेजारी आणखी कोणीतरी उभे राहिले असते, आणि त्याने त्याला विचारले असते, "आता कुठली गाडी?"